आपली नावे, आपली आडनावे आणि भोपाळचा ळ

न्यू मार्केटला जाताना आपण सगळेच टी. टी. नगर म्हणतो. या दोन अक्षरांचा विस्तार विचारला, तर नव्या पिढीतली मुले 'तात्या टोपे' इतके बरोबर सांगतात. पण 'तात्या' हे नाव नव्हे आणि 'टोपे' हे मूळ आडनावही नव्हे. त्यांचे नाव रामचंद्र, वडिलांचे पांडुरंग, गाव नाशिक जिल्ह्यातले येवले आणि जुने आडनाव येवलेकर असे सांगतात. 'तात्या' ही घरातली हाक. 'टोपे' मागाहून चिकटले. कोणी म्हणतात, दुसऱ्या बाजीरावांनी मानाची टोपी दिली म्हणून. कोणी त्याचा संबंध तोफेशी लावतात. १८ एप्रिल १८५९ रोजी शिवपुरीला त्यांना फाशी झाली. त्यांच्या नावाने भोपाळात एवढी मोठी वस्ती आहे, आणि तिच्यात त्यांचे पाळण्यातले नाव कुठेच नाही.

मी इतिहासाचा अभ्यासक नाही. शिक्षण बी. कॉम. आणि नोकरी बँकेत. पण बँकेतल्या माणसाचे निम्मे आयुष्य दुसऱ्यांची नावे तपासण्यात जाते. फॉर्मवरचे नाव, पासबुकावरचे नाव, सहीतले नाव, वारसाने आणलेल्या दाखल्यावरचे नाव. त्यातून नावांची गोडी लागली. निवृत्तीनंतर जे वाचले, जुन्या मंडळींकडून जे ऐकले आणि काउंटरवर जे पाहिले, ते आपल्या सभासदांसाठी एके ठिकाणी लिहून ठेवत आहे.

आपण इथे आलो कसे

भोपाळात आपली जी घरे आहेत त्यांतली बरीचशी १९५६ नंतरची. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवा मध्य प्रदेश झाला आणि भोपाळ राजधानी झाले. त्याआधी जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती, आणि मध्य भारताचा कारभार ग्वाल्हेर-इंदूरहून चाले. या तिन्ही शहरांतल्या कचेऱ्यांत मराठी कारकून, लेखापाल, अभियंते, शिक्षक भरपूर. कचेऱ्या हलल्या तशी माणसे हलली. त्याच सुमारास हेवी इलेक्ट्रिकल्सचा, म्हणजे आजच्या भेलचा, कारखाना उभा राहू लागला आणि पिपलानी-बरखेड्याकडे आणखी घरे आली.

हे आधी सांगायचे कारण असे की आपल्या यादीतली आडनावे एकाच मुलखातली नाहीत. नागपूरकडून आलेल्यांत वऱ्हाडी-नागपुरी आडनावे आहेत. ग्वाल्हेर-इंदूरकडची घरे शिंदे-होळकरांच्या काळात, दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी, देशावरून किंवा कोकणातून माळव्यात उतरलेली. त्यामुळे भोपाळच्या एकाच जिन्यात वरच्या मजल्यावर वानखडे आणि खालच्या मजल्यावर चिपळूणकर असू शकतात, आणि दोघांनाही शेजारीपाजारी 'मराठी लोग' एवढेच म्हणतात.

गाव सोडल्यावर मिळालेले गाव

मराठी आडनाव म्हटले की बाहेरच्यांना आधी 'कर' आठवते. गावाच्या नावाला 'कर' लावले की आडनाव झाले, हे खरेच आहे. होळकर नीरेकाठच्या होळ गावचे. मंगेशकर गोव्यातल्या मंगेशीचे; दीनानाथांनी गावावरून हे आडनाव घेतले. त्यांची थोरली मुलगी इंदूरला २८ सप्टेंबर १९२९ रोजी जन्मली, म्हणजे आपल्याच प्रांतात. तिचे पहिले नाव हेमा. पुढे 'भावबंधन' नाटकातल्या लतिकेवरून ती लता झाली. बाबासाहेबांचा जन्मही आपल्याकडे, महूला, १४ एप्रिल १८९१ चा. वडिलांचे नाव सुभेदार रामजी सकपाळ. गाव रत्नागिरी जिल्ह्यातले आंबडवे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत नाव घातले ते भिवा रामजी आंबेडकर असे. महाराष्ट्रात आता हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. गावावरून पडलेले आडनाव शाळेच्या रजिस्टरात गेले आणि तिथून देशाच्या इतिहासात.

यात एक गंमत आहे, ती माझ्या फार उशिरा लक्षात आली. चिपळुणात राहणारा माणूस शेजाऱ्याला चिपळूणकर कशाला म्हणेल? तिथे सगळेच चिपळूणकर. हे नाव पडते ते दुसऱ्या गावात, तिथल्या लोकांच्या तोंडी. म्हणजे ज्याच्या आडनावात 'कर' आहे त्याच्या घराण्याने भोपाळला येण्याच्या कितीतरी आधी एकदा तरी बिऱ्हाड हलवलेले आहे. आडनाव हा त्या पहिल्या स्थलांतराचा दाखला. आणि ही रीत थांबलेली नाही. पुण्या-नागपूरच्या नातेवाइकांत आमचा उल्लेख आजही 'भोपाळवाले' असाच होतो. लग्नपत्रिकांच्या यादीत काकूंनी आडनाव न लिहिता तेवढेच लिहिलेले मी पाहिले आहे. कागदपत्रे नसती तर दोन पिढ्यांत तेच आमचे आडनाव झाले असते.

मात्र 'कर' दिसला की लगेच नकाशा उघडून गाव सापडेल असे समजू नये. वडगाव, पिंपळगाव, वाडी ही नावे महाराष्ट्रात जागोजागी आहेत. गाव नक्की करायचे तर आडनावाबरोबर कुलदैवत आणि घरातल्या म्हाताऱ्यांनी सांगितलेला नदी-डोंगराचा तपशील, हे सगळे लागते.

विदर्भाच्या पूर्व आणि दक्षिण भागातून आलेल्यांची आडनावे 'वार'ने संपतात: मुनगंटीवार, वडेट्टीवार, कन्नमवार. कन्नमवार तर १९६२-६३ मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. हा 'वार' तेलुगूतल्या आदरार्थी 'वारु'शी जोडतात; चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड ही तेलंगणाला लागून असलेली पट्टी आहे, तेव्हा हे सहज पटते. भोपाळात अशा आडनावाच्या माणसाला हटकून विचारतात, 'आप मराठी हैं कि साउथ के?'

दप्तरातली आडनावे

आता माझ्या आवडीचा भाग. यात थोडे जास्त रेंगाळलो तर वाचकांनी समजून घ्यावे.

गावचा मुख्य पाटील, हिशेब लिहिणारा कुलकर्णी. परगण्याचा मुख्य देशमुख, त्याचा हिशेबनीस देशपांडे. पाटील हा शब्द जुन्या ताम्रपटांतल्या 'पट्टकिल'वरून आला. कुलकर्णी म्हणजे कुळांची, शेतसाऱ्याची नोंद ठेवणारा. ही सगळी वतने, म्हणजे पिढीजात कामे. मुंबई राज्यात १९५० च्या कायद्याने परगणे व कुलकर्णी वतने रद्द झाली. काम गेले, आडनाव राहिले. आणि ही कामाची नावे असल्यामुळे त्यांवरून जात ओळखायला जाऊ नये. देशमुख आणि पाटील तर अनेक समाजांत आहेत. लग्न जमवताना आपल्यातली काही मंडळी आडनावावरून जो निष्कर्ष काढतात तो पुष्कळदा चुकतो, हे मी अनुभवाने सांगतो.

याच्या वरच्या पायरीवर 'नीस' मंडळी. फारसीत 'नवीस' म्हणजे लिहिणारा. फर्द म्हणजे हिशेबाचा कागद, तो लिहिणारा फडणवीस किंवा फडणीस. चिठ्ठ्या, पत्रे लिहिणारा चिटणीस. फारसी पत्रव्यवहार पाहणारा पारसनीस. घडलेल्या गोष्टींची नोंद ठेवणारा वाकनीस. जमेचा हिशेब ठेवणारा जमेनीस, कारखान्यांचा कारखानीस. किल्ल्यावर हजेरी आणि हिशेब सांभाळणारा सबनीस. मुजुमदार म्हणजे सगळ्या जमाखर्चाचा एकत्र मेळ घालणारा. आमच्या भाषेत बोलायचे तर हेड ऑफिसचा चीफ अकाउंटंट.

पोतदार आणि पोतनीस ही तर थेट आमची जात, म्हणजे बँकेची. 'पोत' हा खजिन्याचा शब्द. पोतनीस खजिन्याचा हिशेब लिहायचा. पोतदार नाणी पारखायचा. त्या काळी एकाच बाजारात अनेक टाकसाळींची नाणी चालत. कोणते खरे, कोणते झिजलेले, कोणावर किती बट्टा लावायचा हे पोतदाराने ठरवायचे. सारा भरायला आलेल्या शेतकऱ्याचे नाणे त्याच्या हातून गेल्याशिवाय खजिन्यात पडत नसे. मी नोकरीला लागलो तेव्हा कॅश काउंटरवरचे जुने हेड कॅशियर रुपया बोटावर वाजवून पाहायचे. पोतदार हे आडनाव वाचले की मला ते आठवतात.

१६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी शिवाजी महाराजांनी अष्टप्रधानांची फारसी पदनामे बदलून संस्कृत केली. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, डबीराचा सुमंत, सरनोबताचा सेनापती. दरबारात नवी नावे चालू झाली. पण आज साडेतीनशे वर्षांनी भोपाळच्या फोनच्या यादीत शोधा: मुजुमदार सापडतील, डबीर सापडतील. हुकमाने पद बदलता येते. शेजाऱ्याच्या तोंडची हाक बदलत नाही.

पद किती घट्ट चिकटते याचे सर्वांना माहीत असलेले उदाहरण नाना फडणवीसांचे. त्यांचे नाव बाळाजी जनार्दन, आडनाव भानू, मूळ गाव कोकणातले वेळास. भानू कोणाला आठवत नाही. आपल्या बुंदेलखंडातलेही एक उदाहरण आहे. गोविंद बल्लाळ खेर कोकणातून आले, पेशव्यांच्या वतीने सागर आणि बुंदेलखंडाचा कारभार पाहिला, आणि पानिपताच्या थोडे आधी, डिसेंबर १७६० मध्ये मारले गेले. इतिहासात ते गोविंदपंत बुंदेले. कोकणातल्या खेरांचे बुंदेले व्हायला एक पिढीसुद्धा लागली नाही.

राजघराणी, मोर आणि टकले

चव्हाण हे चाहमान, पवार हे परमार, साळुंखे हे चालुक्य, जाधव हे यादव, कदम हे कदंब, शेलार हे शिलाहार, मोरे हे मौर्य असे संबंध सांगितले जातात. उच्चार कसे घासत गेले हे पाहता ते जुळतातही. मोरे आडनावाचे लोक मोर पाळत नसत, एवढे नक्की. पण आडनाव जुळले म्हणून वंशावळ जुळली असे होत नाही. सरदारांच्या पदरची माणसेही धन्याचे आडनाव लावत.

पवारांचा फेरा मात्र भोपाळकरांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. राजा भोज परमार, त्याची राजधानी धार; त्याच्याच नावावरून भोजपाल आणि पुढे भोपाळ झाले अशी आपल्याकडची परंपरा. त्या परमारांचे वंशज म्हणवणारे पवार अठराव्या शतकात मराठी फौजांबरोबर दक्षिणेतून येऊन धारला आणि देवासला राज्य करू लागले. आडनाव माळव्यातून दक्षिणेत गेले आणि उच्चार बदलून परत आले.

बाकी उरतात ती टोपणनावे, आणि मराठी माणसाचा खरा स्वभाव तिथे दिसतो. एकबोटे, टकले, उकिडवे, गोडबोले, सहस्रबुद्धे, सातपुते, अष्टपुत्रे. कोणाला आठ मुलगे झाले, कोणाचे बोट गेले, गावाने ते कायमचे लिहून ठेवले. यांच्या मागे सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी बहुतेक आडनावानंतर रचलेल्या असतात, पण ऐकायला छान असतात. वाघ, कोल्हे, लांडगे आहेत. काळे, गोरे, पांढरे आहेत. साखरे आणि तुपेही आहेत. आणि भोपळे आडनावाच्या माणसाची भोपाळात बदली झाली की ऑफिसात पहिले आठ दिवस काय होते, ते सांगायला नको.

नाव, बापाचे नाव

आपल्या नावाचे तीन भाग: स्वतःचे, वडिलांचे, आडनाव. पेशव्यांची तीन नावे ओळीने घेतली की ही रीत स्पष्ट दिसते. बाळाजी विश्वनाथ, त्यांचा मुलगा बाजीराव बल्लाळ, इथे बल्लाळ म्हणजे बाळाजीच, आणि त्यांचा मुलगा बाळाजी बाजीराव. आजोबांचे नाव नातवाला द्यायची पद्धतही यात आली. शिवाजी महाराजांच्या नातवाचे नाव शिवाजीच होते. आपण त्यांना शाहू म्हणून ओळखतो.

पण आजोबांचे नाव नातवाला ठेवले, आणि सुनेने सासऱ्याचे नाव घ्यायचे नाही, मग मुलाला हाक कशी मारायची? म्हणून नाना, तात्या, बापू, अण्णा, भाऊ, दादा. तात्या टोपे, नाना फडणवीस, नानासाहेब पेशवे, या सर्वांची खरी नावे हाकेच्या नावांनी झाकली गेली त्याचे एक कारण हे.

मुलींच्या बाबतीत नाव झाकले जात नसे, पुसलेच जाई. मोरोपंत तांब्यांची मणिकर्णिका झाशीला गंगाधरराव नेवाळकरांकडे गेली आणि लक्ष्मीबाई झाली. डॉक्टर आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाई, त्याही माहेरच्या यमुना. कितीतरी बायकांची माहेरची नावे त्यांच्या नातवंडांनाही माहीत नसतात. आपल्या घरात विचारून पाहा. आजीचे लग्नाआधीचे नाव आणि आडनाव सांगता आले तर उत्तमच.

लग्नानंतर नाव किंवा आडनाव बदललेच पाहिजे असा कायदा नाही, हे आजही अनेक सासऱ्यांना सांगावे लागते. महाराष्ट्राने आता पुढचे पाऊल टाकले आहे: १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर बाळाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव. तो नियम मध्य प्रदेशात लागू नाही, पण मुले-सुना पुण्या-मुंबईत असलेल्या सभासदांनी ध्यानात ठेवावा.

कुलदैवत नावात बसलेले असते. मल्हार, खंडेराव, मार्तंड ही खंडोबाची नावे. मल्हारराव होळकरांच्या मुलाचे नाव खंडेराव होते ते उगाच नाही. तुकोजी तुकाईवरून, म्हणजे तुळजाभवानीवरून. घराण्यात अशी नावे पुन्हा पुन्हा येत असतील तर हरवलेले कुलदैवत शोधायला ती उपयोगी पडतात.

धोंडू, दगडू, भिकाजी, कचरू ही नावे हसण्यावारी नेण्यासारखी नाहीत. आधीची मुले जगली नाहीत, तेव्हा या मुलाकडे मृत्यूची नजर जाऊ नये म्हणून मुद्दाम ठेवलेली ती नावे. नानासाहेब पेशव्यांचे, १८५७ चे, नाव धोंडोपंतच. 'नकोशी'ची गोष्ट वेगळी. ती मुलगीच नको होती, म्हणून ते नाव. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अडीचशेहून अधिक नकोशींना समारंभ करून नवी नावे दिली गेली. त्यांतल्या काही मुली शाळेत जाणाऱ्या होत्या. रोज हजेरीला तेच नाव ऐकत होत्या.

भोपाळने काय बदलले

इथवर जे लिहिले ते महाराष्ट्रातल्या कोणालाही लागू पडेल. आता फक्त आपले.

सत्तर वर्षांत आपल्या नावांवर हिंदीचा हात फिरला. पाटीलचे 'पाटिल' झाले, सहस्रबुद्धेमध्ये जास्तीचा त शिरून 'सहस्त्रबुद्धे' झाले. चाफेकरांचा च आणि जाधवांचा ज आपली मुलेच हिंदीसारखा बोलतात. वडिलांचे नाव फॉर्ममध्ये वेगळ्या रकान्यात गेले आणि मुलाच्या नावातून गळाले. त्याच्या जागी कुठे कुठे 'कुमार' आला. जुन्या नावांतला 'राव' काही घरांत चक्क आडनाव होऊन बसला, आणि मग तेच, 'साउथ के हैं क्या?' शिंद्यांचे इंग्रजीतून 'सिंधिया' झाले, पण ग्वाल्हेरच्या लोकांनी एका मोहल्ल्याचे नाव अजून 'शिंदे की छावनी' असेच ठेवले आहे, याचे मला कौतुक वाटते.

सर्वांत मोठी हानी झाली ती ळ ची. हिंदीच्या वर्णमालेत तो शिकवत नाहीत, इंग्रजीत ल आणि ळ ला एकच अक्षर. त्यामुळे काळे 'काले' झाले, गोळे 'गोले', साळुंखे 'सालुंके', बावनकुळे 'बावनकुले'. गंमत पाहा: या शहराला हिंदीत भोपाल म्हणतात, आपण भोपाळ म्हणतो. आपण या शहराला एक ळ दिला, आणि या शहराने आपले सगळे ळ काढून घेतले.

आमचेच सांगतो. आम्ही मुळे. हे झाडाचे मूळ की भाजीचा मुळा की मूळ नक्षत्र, यावर घरात तीन मते होती. वडील मुळ्याच्या बाजूचे. ते १९५६ मध्ये नागपूरहून सचिवालयात आले. नागपूरच्या दाखल्यावर त्यांचे आडनाव देवनागरीत 'मुळे'. इंग्रजीत सरळ चार अक्षरे लिहिली तर खेचर असा अर्थ होतो, हे कोणा साहेबाने त्यांना हसत सांगितले, म्हणून त्यांनी शेवटी वाय जोडला. सर्व्हिस बुकात वाय आहे, पहिल्या ठेवीच्या पावतीवर नाही. मी शाळेत गेलो तेव्हा गुरुजींनी लिहिले 'मुले'. घरी आईने वाचून दाखवले आणि म्हणाली, ''मुळ्यांची मुले झाली, बरोबरच आहे.'' तेव्हा आम्ही सगळे हसलो.

वडील गेले तेव्हा मृत्यूच्या दाखल्यावर 'मूले' असे आले, पहिला उकार दीर्घ. त्यांच्या एका जुन्या ठेवीचा दावा घेऊन मी गेलो, तर माझे कागद परत आले. ठेवीदार, मृत व्यक्ती आणि अर्जदाराचे वडील ही तिन्ही एकच माणसे आहेत हे सिद्ध करा. समोरचा तरुण अधिकारी नियमाने अगदी बरोबर होता. मी खुर्चीवर असताना हेच केले असते. शेकडो वेळा केलेही होते. किती विधवांना, किती म्हाताऱ्या आयांना मी 'नाव जुळत नाही' म्हणून नोटरीकडे पाठवले असेल, ते त्या दिवशी जिना उतरताना एकेक आठवले. पुढे प्रतिज्ञापत्र, दोन साक्षीदार, वडिलांच्या पेन्शनचे कागद, आणि चार महिन्यांनी पैसे मिळाले. रक्कम मोठी नव्हती. आई मात्र त्या चार महिन्यांत रोज विचारायची, ''अरे, तुझे बाबा तुझे बाबा नाहीत असं म्हणतात का ते?''

म्हणून थोडे व्यवहाराचे.

नातवंडांच्या जन्माची नोंद करताना नाव-आडनाव स्वतः समोर बसून तपासा. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हाच शाळाप्रवेश, लायसन्स वगैरे कामांसाठी जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा पुरावा आहे. तिथली चूक पुढे सगळीकडे जाते. बाळाचे नाव ठरले नसेल तर नावाशिवाय नोंद होते. बारा महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येते, त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. तेव्हा घाईत काहीतरी लिहून मोकळे होऊ नका. आधार केंद्रात इंग्रजीत टाइप केले की यंत्र स्वतःच हिंदी रूप सुचवते. ते रूप वाचल्याशिवाय मान हलवू नका. इंग्रजी स्पेलिंग घरातल्या सर्वांचे एकच ठेवा. वाय असेल तर सगळीकडे वाय. ठेवी, पेन्शन, घराचे कागद यांतली नावे आत्ताच, हातपाय चालत असताना, एकमेकांशी ताडून घ्या. फरक छोटा असेल तर प्रतिज्ञापत्रावर भागते. आडनावच बदलायचे असेल तर प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रातली जाहीर सूचना आणि राजपत्र असा रस्ता आहे.

आणि एक वही करा. मूळ गाव, तालुका, कुलदैवत, भोपाळला प्रथम कोण आले, कोणत्या साली, कोणत्या नोकरीवर. आजी-पणजीची माहेरची नावे. आडनाव आधी वेगळे होते का. सत्तरी-ऐंशीतल्या मंडळींना विचारा, आणि लवकर विचारा. आमचे मूळ गाव वडिलांना माहीत होते. मला 'वर्धेच्या पलीकडे, नदीकाठी' एवढेच आठवते. विचारायचे राहून गेले.

गेल्या वर्षी नात झाली. नोंदणीच्या खिडकीशी मीच गेलो. मुलाने पडद्यावर 'मुले' टाइप केले. मी म्हटले, यात ल नाही, ळ आहे. तो म्हणाला, अंकल, यह अक्षर अपने यहाँ नहीं आता. मी त्याला सांगितले, शिफ्ट दाबून ठेव आणि ल ची कळ दाब. इन्स्क्रिप्ट कळफलकावर तो तिथेच असतो. ळ उमटला. त्याने तो दोनदा पुसून पुन्हा काढून पाहिला, मग माझ्याकडे वळून विचारले, ''अंकल, यह भोपाल में भी लगता है क्या?''

''हमारे यहाँ लगता है,'' मी म्हटले.